वैलावरचा पावटा

स्मरणिकेच्या समितीने माझ्याकडे एक पाककृती मागितली होती. विजेच्या मंद कुकरमध्ये, म्हणजे हल्ली ज्याला 'स्लो कुकर' म्हणतात त्यात, करावयाचे गोडसर आंबट बीन्स, असा विषयही ठरवून दिला होता. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातल्या तीन-चार घरी हे भांडे आले आहे आणि दर बैठकीला त्याची चर्चा होते, म्हणून हा आग्रह. पाककृती मी शेवटी देणारच आहे. पण लिहावयास बसले तेव्हा मला राहून राहून आमच्या जुन्या घरातला वैल आठवू लागला. हे नवे भांडे म्हणजे दुसरेतिसरे काही नसून वैलाचाच विजेवर चालणारा अवतार आहे, असे मला वाटते. मात्र वैलाबरोबर आपल्या सासवांनी जो एक नियम सांभाळला होता, तो या भांड्याबरोबर डब्यात घालून कोणी पाठवलेला नाही. तो नियम विसरल्यामुळे आमच्या नात्यात काय घडले तेही पुढे सांगते.

ज्या मुलींनी चूल फक्त लग्नाच्या मांडवामागे पाहिली आहे त्यांच्यासाठी आधी वैल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. मातीच्या चुलीला लागूनच, थोडे मागच्या अंगाला, आणखी एक लहान तोंड असते. त्याला वैल म्हणतात. लाकूड चुलीत घालावयाचे. वैलाखाली वेगळे लाकूड कधीच घालावयाचे नाही. मधल्या भोकातून चुलीची उरलीसुरली धग वैलाकडे जाते आणि तेवढ्यावर वैलावरचे भांडे शिजत राहते. चुलीवर भाकरी भाजली जात असताना वैलावर आमटी, दूध नाहीतर कडधान्य असे. म्हणजे एकाच लाकडात दोन कामे, आणि दुसरे काम जवळजवळ फुकट.

मी लग्न होऊन उर्से गावात आले तेव्हा आमच्या घरी चूलच होती. टोलनाक्यामुळे आता आपल्या गावाचे नाव मुंबई-पुण्याच्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक झाले आहे, पण तेव्हा द्रुतगती मार्ग कोणाच्या स्वप्नातही नव्हता. चहूकडे भाताची खाचरे होती. भात निघाले की त्याच ओलीवर वाल, पावटा, हरभरा, मसूर टाकावयाचा, आणि त्या कडधान्यावर पुढचा पावसाळा काढावयाचा. आषाढात लावणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे गुडघाभर चिखलात. स्वयंपाकासाठी मागे कोण राहणार? सासूबाई आदल्या रात्री पावटे भिजत घालीत. पहाटे ते पाणी परसात ओतून देत, नवे पाणी घालीत आणि मडके चुलीवर, मोठ्या जाळावर ठेवीत. खळाखळा उकळी फुटे, वर फेस येई, तो काढून टाकावयाचा, आणि तरीही मडके लगेच उतरावयाचे नाही. जात्यावरचे दळण निवडून होईपर्यंत ते तसेच उकळत ठेवावयाचे. मगच ते वैलावर सरकवावयाचे आणि चुलीवर तवा चढवावयाचा. एकदा मी घाईत न उकळलेले मडके वैलावर ठेवले तर त्या ओरडल्या, "अगं, कच्च्याला वैल दाखवू नकोस!" मला वाटले, ही आपली घरातली एक रीत, जशा पुष्कळ असतात.

भाकऱ्या झाल्या की जाळ मागे ओढावयाचा, निखारे पसरावयाचे आणि मडक्याच्या बुडाभोवती फुफाटा सारावयाचा. मडक्यावर खोलगट झाकणी, झाकणीत पाणी. ते पाणी आतल्या वाफेने तापत राही, आणि मडक्यात पाणी कमी पडले तर तेच गरम पाणी आत ओतावयाचे. गार पाणी घातले की दाणे गणंग राहतात, असे सासूबाई सांगत. दुपारी चिखलातून आले की पावटा मेणासारखा मऊ झालेला असे. वरून फोडणी, थोडा गूळ, आमसूल, झाले.

यात काटकसर किती होती हे सरपण आणणाऱ्या बाईलाच कळेल. आपल्या मावळात सरपणाला एक वाटेकरी होता, आणि तो म्हणजे राब. भाताची रोपे टाकण्याआधी जमीन भाजावयाची, त्यासाठी फांद्या, पालापाचोळा, शेण, सगळे राबावर जाई. जे शेण राबाला गेले त्याची गोवरी होत नाही आणि जी फांदी भाजली ती चुलीपर्यंत येत नाही. त्यातून पावसाळ्याचे चार महिने लाकूड ओले. डोक्यावरून मोळी आणणारी बाई आणि चुलीपाशी बसणारी बाई एकच, म्हणून तिने फुकटची धग वाया जाऊ दिली नाही. वैलाला शोध म्हणावा की नाही याचा वाद पंडितांनी घालावा. मी तरी म्हणेन.

शिवाय आपण डोंगरात राहतो हेही लक्षात घेतले पाहिजे. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभर अंशांना नव्हे तर अठ्ठ्याण्णवाच्या आसपास उकळते. मुंबईच्या बहिणीचा पावटा आपल्याआधी शिजतो तो काही तिचा हातगुण नव्हे. आपल्याकडे वेळ थोडा जास्त लागणारच, आणि तो वेळ मोठ्या जाळावर काढणे कोणालाच परवडणारे नव्हते.

आता थोडे लांब जाऊ. आज ज्याला बेक्ड बीन्स म्हणतात आणि जे डब्यात मिळतात, त्यांचे नाव अमेरिकेतील बोस्टन शहराशी जोडलेले आहे. त्या भागात वसलेले प्युरिटन पंथाचे लोक शनिवारी सूर्यास्तापासून रविवारी सूर्यास्तापर्यंत कामाला हात लावीत नसत. स्वयंपाक हेही कामच. म्हणून शनिवारी पांढरा घेवडा मातीच्या हंडीत घालून, उसाच्या काळ्या काकवीत, डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर, भट्टीच्या मंद धगीत तासन्‌तास ठेवीत. गावचे भट्टीवाले घरोघरच्या हंड्या गोळा करून आपल्या भट्टीत ठेवीत असत. शनिवारी रात्री गरम खावयाचे आणि उरलेले रविवारी. काकवी येई वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांतून, जेथे गुलाम राबत होते. त्या गोडव्यातला हा कडू भाग गाळून चालणार नाही.

हीच गोष्ट युरोपातल्या यहुदी लोकांची. त्यांचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. त्या काळात विस्तव पेटवणे निषिद्ध. म्हणून शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी घेवडा, सातू, बटाटे, मांस असे एका हंडीत घालून ती गावच्या भट्टीत नेऊन ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आणीत. त्या पदार्थाला ते 'चोलेंट' म्हणतात. हे आपल्याला परके वाटावयाचे कारण नाही. घाट उतरून खाली अलिबागकडे गेले की तेथे बेने इस्राएल समाजाची जुनी वस्ती होती. मराठी बोलणारी, नऊवारी नेसणारी ही माणसे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शेजारी 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यातले पुष्कळजण १९४८नंतर इस्राएलला गेले, पण पुण्याचे लाल देऊळ, मुंबई-अलिबागची प्रार्थनामंदिरे अजून उभी आहेत. आणि आपल्याकडे काय, शिळासप्तमीला चूल पेटवीत नाहीत, तिची पूजा करतात आणि आदल्या दिवशीचे खातात. नागपंचमीला चिरावयाचे नाही, तवा ठेवावयाचा नाही, म्हणून उकडलेले दिंडे. विस्तवाला सुट्टी दिली की बाईलाही थोडी सुट्टी मिळते. हे हेतुपुरस्सर केलेले असो वा नसो, व्हायचे ते असे.

त्या चोलेंटच्या हंडीतूनच आजचा स्लो कुकर निघाला. अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन नावाचे एक संशोधक होते. त्यांच्या आईने त्यांना लिथुआनियातील व्हिल्ना गावची हकीकत सांगितली होती. तिची आई शुक्रवारी हंडी भट्टीत कशी पाठवी आणि रात्रभर ती कशी शिजत राही, ही ती हकीकत. त्यावरून नॅक्सन यांनी भांड्याच्या भोवती विजेची तार असलेला कुकर तयार केला. १९३६ साली त्यांनी पेटंटासाठी अर्ज केला आणि १९४० साली ते मिळाले. पुढे याच भांड्याचे नाव त्यांनी 'नॅक्सन बीनरी' ठेवले होते, म्हणजे नावातच घेवडा. १९७० साली कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडे थोडे सजवून 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. तिकडच्या बायका तेव्हा मोठ्या संख्येने नोकरीला जाऊ लागल्या होत्या. सकाळी भरून ठेवा, संध्याकाळी येऊन वाढा, हे त्यांना पटले आणि भांडे हातोहात खपले. युक्ती आजीची, सांगितली आईने, पेटंट मात्र नातवाच्या नावाने. याबद्दल माझी नॅक्सन यांच्याविरुद्ध तक्रार नाही, कारण त्यांनी आजीची गोष्ट लपवून ठेवली नाही. आपल्याकडे वैल कोणी काढला हे विचारावयाचेही कोणाला सुचले नाही.

धग साठवण्याचे प्रयत्न इतरत्रही झालेच. १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात नॉर्वेहून आलेली एक पेटी मांडली होती. उकळते भांडे तिच्यात बंद करून ठेवले की विस्तवाशिवाय शिजत राही. गवत भरलेल्या अशा पेट्या महायुद्धांच्या काळात इंग्लंडच्या घरोघरी वापरात होत्या, कारण कोळसा मोजून मिळे. आपल्या देशात १९१० साली कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. खाली थोडा कोळसा, वर एकावर एक डबे, आणि सगळे मिळून एका बंद नळकांड्यात. भात, वरण, भाजी एकदम होई. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना तो फार सोयीचा होता.

मग आला प्रेशर कुकर, आणि मंद आचेचे दिवस संपले. याची मूळ कल्पना १६७९ सालची, फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यांची, पण हिंदुस्थानात प्रेस्टीज आणि हॉकिन्स या दोन्ही कंपन्यांचे कुकर १९५९ सालापासून बनू लागले. बंद भांड्यात दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. मग डोंगर काय आणि समुद्र काय! पावटा तीन शिट्ट्यांत होऊ लागला. आमच्या घरी कुकर आला त्या दिवशी सासूबाई शिट्टीला घाबरून परसात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि महिन्याभरात त्याच शेजारणींना शिट्ट्या कशा मोजाव्यात ते शिकवीत होत्या. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यामुळे जुने ते सोने असे मी वैलाच्या बाबतीतही म्हणणार नाही. गॅस आला, चूल परसात गेली, हे चांगले झाले. एवढेच की गॅसच्या शेगडीला दोन बर्नर असले तरी दोन्हींना गॅस वेगळा लागतो. एकाची उरलेली धग दुसऱ्याला मिळत नाही.

विजेचीही एक गंमत आहे. आपल्या मावळच्या डोंगरातले पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात उतरू लागले आणि १९१५ साली त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू झाल्या. ज्यांच्या डोंगरावर तो पाऊस पडत होता त्या गावांतल्या बायका त्यानंतर कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात वैलाखालचा फुफाटा सारीत होत्या. आज तीच वीज आपल्या ओट्यावरच्या भांड्याला मिळते आहे, तर ते वापरावयास संकोच कशाला?

पण आता ती घटना सांगते. माझ्या पुण्याच्या भाचीने दोन वर्षांपूर्वी हे भांडे घेतले. ती नोकरी करते. तिने रात्री राजमा भिजत घातला, सकाळी तसाच मंद कुकरमध्ये ओतला, टोमॅटो, कांदा, मसाला घातला, बटण 'लो'वर ठेवले आणि कामावर गेली. संध्याकाळी दाणे किंचित करकरीत लागले, पण वास छान होता. चौघे पोटभर जेवले. दोन तासांत चौघांनाही उलट्या सुरू झाल्या आणि मग पोट बिघडले. रात्रभर घरात कोणी झोपले नाही. दुसऱ्या दिवशी सगळे सावरले, हे नशीब. तिने आधी दुकानदाराच्या राजम्याला दोष दिला, मग मसाल्याला. दोष दोघांचाही नव्हता.

राजम्यात, विशेषतः तांबड्या राजम्यात, एक विषारी द्रव्य असते. त्याला शास्त्रात फायटोहिमॅग्लुटिनिन म्हणतात. चार-पाच कच्चे दाणेही माणसाला आजारी पाडू शकतात. १९७६ साली इंग्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या काही शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला राजमा खाल्ला आणि ती अशीच आजारी पडली, तेव्हापासून तेथील डॉक्टरांनी याचा नीट अभ्यास केला. खळखळून उकळले की हे विष नाहीसे होते. पण मंद आचेवर, ऐंशी अंशांच्या आसपास ठेवले तर ते मरत नाही, उलट कच्च्या दाण्याच्या पाच पटींपर्यंत वाढू शकते. काही मंद कुकर तपासले तेव्हा आतल्या पदार्थाचे तापमान पंच्याहत्तर अंशांपलीकडे गेलेच नव्हते. पांढऱ्या घेवड्यात हे द्रव्य तांबड्यापेक्षा पुष्कळ कमी असते, पण असते. आपल्या वालापावट्याची जात निराळी, तरी त्याच्या सुक्या दाण्यातही कच्चेपणी बाधणारी द्रव्ये असतात. म्हणून भिजवावयाचे, पाणी टाकून द्यावयाचे, मोड आणावयाचे, सोलावयाचे आणि चांगले उकळावयाचे.

हे वाचले तेव्हा मला सासूबाईंचे ते ओरडणे आठवले. फायटोहिमॅग्लुटिनिन हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. कडधान्याचे भिजवलेले पाणी त्या परसात ओतीत, फेस काढून टाकीत, दळण निवडून होईपर्यंत मडके मोठ्या जाळावर ठेवीत आणि मगच वैलाकडे वळत. पोटदुखीची कितीतरी उदाहरणे कोणाच्या तरी घरी घडली असतील तेव्हा कुठे ही रीत बसली असेल. नॅक्सन यांच्या भांड्यात तार आली, झाकण आले, बटण आले. पहिला मोठा जाळ मात्र त्यात नाही, तो आपणच वेगळा द्यावयाचा आहे.

आता कबूल केल्याप्रमाणे पाककृती. पाव किलो राजमा घ्यावा. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागाचा वाघ्या घेवडा मिळाला तर फारच उत्तम. त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे असतात आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावा. सकाळी ते पाणी ओतून द्यावे, दाणे धुवावेत, नवे पाणी घालून गॅसवर मोठ्या आचेवर ठेवावे आणि उकळी फुटल्यापासून अर्धा तास खळखळ उकळू द्यावे. शास्त्रज्ञ दहा मिनिटे पुरे म्हणतात, पण आपण डोंगरात राहतो, अर्ध्या तासाने कोणाचे नुकसान नाही. हेही पाणी टाकावे. मग दाणे मंद कुकरमध्ये घालून वर दोन बोटे येईल इतके कढत पाणी, एक मोठा कांदा चिरून, चार लसणीच्या पाकळ्या, दोन चमचे तेल एवढेच घालावे आणि 'लो'वर सहा ते आठ तास ठेवावे.

चिंच, टोमॅटो आणि गूळ आधी घालू नये. आंबटाने दाण्याची साल आवळते आणि दाणा मऊ होत नाही. बोस्टनच्या बायका काकवी आधीच घालीत, त्या काकवीतला आंबटपणा आणि चुना दाण्याला फुटू देत नसे, म्हणूनच त्यांचे बीन्स तासन्‌तास शिजूनही अखंड राहत. पण त्यांच्याजवळ भट्टी होती आणि पूर्ण रात्र होती. आपण दाणा बोटांत दाबून पाहावा, लोण्यासारखा दबला की मगच दोन टोमॅटोंचा रस, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मुठीएवढा गूळ, चमचाभर मोहरीची पूड, मिरपूड आणि मीठ घालावे. झाकण किंचित उघडे ठेवून आणखी एक तास 'हाय'वर. रस्सा दाट झाला की पावाबरोबर किंवा इंद्रायणीच्या गरम भाताबरोबर वाढावे. वडगावच्या भातसंशोधन केंद्राने १९८७ साली काढलेला हा तांदूळ आपल्या घरचाच, आणि या आंबटगोड रश्शाशी तो पावापेक्षा चांगला जमतो, असे माझे मत आहे.

आमच्या परसात आंघोळीचे पाणी तापवावयास अजून एक चूल आहे. गेल्या दिवाळीत जुनी फुटली म्हणून बाजारातून नवी तयार चूल आणली. ती एकाच तोंडाची आहे. वैलवाली मिळेल का म्हणून विचारले तर विकणाऱ्या मुलाने वैल म्हणजे काय, असे मलाच विचारले. मी खाली बसून त्याला जमिनीवर बोटाने काढून दाखवले.